थांबीव की जरा

महिना होत आला, पण अंधारातून आलेला तो आवाज काही कानातून जात नाही. "थांबीव की जरा." एवढंच. मागच्या रांगेतून, दाराजवळच्या खुर्चीवरून. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण खचलेला नव्हता. तालमीत पोरांना डाव सांगणाऱ्या वस्तादाचा असतो तसा. आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा एका शाळेचं सभागृह मागून घेतो आणि जुने सिनेमे दाखवतो. उसना प्रोजेक्टर, सुतळीनं ताणून बांधलेला पडदा, कुरकुरणारे पंखे आणि फार तर चाळीस माणसं. त्या संध्याकाळी कोल्हापुरातच चित्रित झालेला, पन्नासच्या दशकाच्या शेवटाला आलेला एक कृष्णधवल मराठी सिनेमा लावला होता. आता फारसा कुणाच्या आठवणीत नसलेला; आम्हालाही त्याची धुवट, ओरखड्यांनी भरलेली प्रतच मिळाली होती. सुरुवातीला मी एका पानाचं टिपण वाटलं आणि दहा मिनिटं उभा राहून बोललो. आजचा खेळ नेहमीसारखा नाही, म्हणालो. कुणालाही, कुठंही, काहीही दिसलं, खटकलं, आवडलं, की मोठ्यानं 'थांबवा' म्हणायचं. मी सिनेमा थांबवीन आणि ते चित्र समोर ठेवून आपण बोलू. लाजायचं नाही.

तासभर कुणी तोंड उघडलं नाही. कॉलेजची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत राहिली. मग तो प्रसंग आला. रात्रीची वेळ. बाई उंबऱ्यावर बसलेली, पडद्याच्या डाव्या अंगाला. उजवीकडं जमिनीवर कंदील. ती काही बोलत नाही. गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसते आणि मग मान वर करून उजवीकडं, चौकटीच्या बाहेर कुठंतरी बघते. तेवढ्यात मागून ते शब्द आले. पावणेनऊ वाजले होते. शिपाईमामा दोनदा किल्ल्या वाजवून गेले होते, नऊला सभागृह मोकळं करायचं कबूल केलं होतं आणि सिनेमा अजून वीस मिनिटं बाकी होता. मी मागं वळूनही बघितलं नाही. पडद्याकडं तोंड ठेवूनच म्हणालो, "काका, शेवटी बोलूया हं." दिवे लागले तेव्हा दाराजवळची खुर्ची रिकामी होती. रागानं उठून गेलेल्या माणसाची खुर्ची तिरकी होते, तशी ती नव्हती. नीट सरळ करून, रांगेत लावून ठेवलेली होती.

तासाभरात एकच हाक आली, आणि तिला मी थांबलो नाही.

हे 'थांबवा' माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ते शिकागोतल्या एका पेपरच्या सिनेसमीक्षकाचं, रॉजर ईबर्टचं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी विद्यापीठाची एक परिषद भरायची, तिथं हा माणूस वर्षानुवर्षं जायचा आणि एकच सिनेमा घेऊन आठवडाभर बसायचा. रोज दोन-दोन तास. मोठं सभागृह, शेकडो माणसं, दिवे बंद, आणि अंधारातून कुणीही 'थांबवा' म्हणायची मुभा. विद्यार्थी, प्राध्यापक, गावातलं म्हातारं माणूस, कुणीही. एकेका चित्रावर बराच वेळ बोलणं चालायचं. आणि त्याचा अनुभव असा, की एवढ्या लोकांत कुठलाही प्रश्न निघाला तरी त्याचं उत्तर माहीत असणारं कुणीतरी अंधारात बसलेलंच असतं. टीव्हीमुळं घराघरांत पोचलेला, पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळवणारा पहिला सिनेसमीक्षक, आणि तो पुढच्या खुर्चीत बसून मागच्या अंधाराचं ऐकून घ्यायचा. मी हे सगळं वाचलं तेव्हा मला ते इतकं भावलं होतं, की आपल्याला कधी जमलं तर असंच करायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि जमलं तेव्हा घड्याळाकडं बघितलं.

ईबर्ट मला भेटला तो राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत. २००२-०३ ची गोष्ट असेल. तासाला वीस रुपये, प्लायवूडच्या खोक्यात एक हलणारी खुर्ची, घाम आणि उदबत्तीचा मिळून एक वास, आणि शेजारच्या खोक्यातून कुणाच्या तरी चॅटिंगची टकटक. मी मराठी माध्यमाचा. इंग्रजी पेपरातल्या अग्रलेखाची दोन वाक्यं वाचून दमायचो. पण या माणसाची वाक्यं अंगावर येत नव्हती. सरळ, बसून सांगितल्यासारखी. अडलेले शब्द वहीत लिहून घ्यायचो आणि घरी जाऊन डिक्शनरीत बघायचो. गंमत अशी, की तो ज्या सिनेमांबद्दल लिहायचा त्यातला शंभरातला एकही कोल्हापुरात येण्याची शक्यता नव्हती. उषाला, पद्माला, पार्वतीला जे लागेल ते आम्ही बघायचो आणि त्यावर आमचं पोट भरत होतं. तरी मी न बघितलेल्या सिनेमांबद्दल वाचत राहिलो. सत्यजित रायांच्या अपूवर त्यानं लिहिलेला लेख वाचला आणि मग तो सिनेमा शोधत पुण्याला गेलो. आपल्याच देशातल्या त्या पोराची ओळख मला शिकागोतल्या माणसानं करून द्यावी, याची तेव्हा थोडी शरम वाटली होती. आजही वाटते. पण तिच्याखाली कृतज्ञता जास्त आहे. आपल्याकडचं जे आपण सहज घेतो ते त्याला सहज वाटायचं नाही. दरवर्षी तो आपल्या गावाकडं, इलिनॉयमधल्या शॅम्पेनला, व्हर्जिनिया नावाच्या जुन्या एकपडदा थेटरात महोत्सव भरवायचा. ज्यांच्याकडं पुरेसं लक्ष गेलं नाही असं त्याला वाटायचं, ते सिनेमे तिथं लागायचे. २००५ साली तिथं सुभाष घईंचा 'ताल' लागला. तिथल्या शेतकरी मुलखातली माणसं त्या पडद्यावर आपली गाणी बघत बसली असतील, हे चित्र मला का कोण जाणे, फार आवडतं.

त्याचं पडदा वाचायचं तंत्र मी २००८ साली वाचलं. १९६९ च्या सुमारास तो शिकागोत सिनेमाचा वर्ग घ्यायला लागला, तेव्हा एका मित्रानं त्याला सुचवलं: फुटबॉलचे कोच मॅचची फिल्म थांबवून थांबवून पोरांना चुका दाखवतात ना, तसंच सिनेमाचं कर. हे वाचून मी एकटाच हसलो होतो. त्यांचा फुटबॉल हातानं खेळायचा, आपला पायानं. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच बघून आल्यावर पेठेतल्या कट्ट्यावर रात्री बारापर्यंत काय चालतं? तेच तर चालतं. तो पास असा का गेला, बॅक तेव्हा कुठं उभा होता, गोलीनं पाय आधी का टाकला. आमच्या गावाला थांबवून बघायची कला शिकवायला कुणी नको. आम्ही ती फक्त सिनेमाला लावली नव्हती. ईबर्टनं त्यात काही आडाखे सांगितलेत. पडद्याची उजवी बाजू वजनदार, डावी त्या मानानं हलकी. उजवीकडं पुढचं, येणारं. डावीकडं मागचं, झालेलं. उजळ भाग अंधाऱ्या भागावर मात करतो. आणि लगेच हेही बजावलंय, की हे नियम नव्हेत, नुसते कल आहेत, मोडण्यासाठीच असतात. मी त्या संध्याकाळी वाटलेल्या टिपणात हेच आडाखे वापरून त्या उंबऱ्यावरच्या बाईबद्दल एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. ती डावीकडं बसली आहे कारण तिचं आयुष्य मागं अडकलंय. ती उजवीकडं बघते कारण परगावी गेलेला नवरा तिकडून येणार आहे. ती नजर म्हणजे सगळ्या सिनेमाचा प्राण. असं बरंच. लिहिताना मी स्वतःवर खूश होतो.

अंगठ्याबद्दल मात्र माझं मन आजही दुभंगलेलं आहे. शिकागोतल्याच दुसऱ्या पेपरचा जीन सिस्केल आणि हा, दोघं टीव्हीवर शेजारी बसून भांडायचे आणि शेवटी अंगठा वर किंवा खाली. तो अंगठा जगभर गेला. आज माझा पुतण्या तिकीट काढायच्या आधी फोनवर आकडा बघतो आणि सहाच्या खाली असेल तर "नको काका, बकवास आहे" म्हणतो, तेव्हा त्या अंगठ्याची आठवण येते आणि वाईट वाटतं. इतक्या बारकाईनं बघणाऱ्या माणसाच्या नावावर जगानं सगळ्यात ढोबळ गोष्ट लावून ठेवली. पण त्याचे लेख वाचा. तिथं अंगठा सापडत नाही. माणूस सापडतो, आणि आपलं चुकलं हे छापून सांगणारा माणूस. १९९३ साली 'ग्राउंडहॉग डे'वर लिहिताना आपण त्याला कमी लेखलं, हे त्यानं बारा वर्षांनी त्याच सिनेमाला थोर सिनेमांच्या यादीत घेताना कबूल केलं. कानच्या महोत्सवात ज्या सिनेमाला त्यानं तिथल्या इतिहासातला सर्वांत वाईट म्हटलं, तोच कापून-छाटून पुन्हा आल्यावर त्यानं पुन्हा बघितला आणि चांगला झालाय असं लिहिलं. आपल्याकडं मत बदलणाऱ्याला पलटी मारली म्हणतात. पेठेत तर वर्षभर ऐकवतील. मला मात्र या कबुल्यांनीच तो जवळचा वाटत गेला.

आणि मग त्याचा आवाज गेला.

२००६ साली. कॅन्सरच्या शस्त्रक्रियांत जबडा गेला, बोलणं गेलं, खाणंपिणं गेलं. त्यानंतर तो नळीवाटेच जगला, आणि लिहित राहिला. आधीपेक्षा जास्त लिहिलं. जायच्या आधीच्या एका वर्षात, २०१२ मध्ये, त्यानं ३०६ परीक्षणं लिहिली, आयुष्यातली सर्वांत जास्त. २०१० साली त्यानं न खाण्याबद्दल एक लेख लिहिला आणि त्याच वर्षी, विश्वास बसणार नाही, भात शिजवायच्या इलेक्ट्रिक कुकरवर पाककृतींचं पुस्तक काढलं. एक घास गिळता न येणारा माणूस इतरांना सांगतोय, दाणे किती, पाणी किती. त्या लेखात त्यानं लिहिलंय की अन्नाची उणीव तितकी जाचत नाही; जाचते ती टेबलाभोवतीची माणसं, गप्पा, हसणं. हा लेख मी वाचला तेव्हा माझे वडील दवाखान्यात होते. नाकातून नळी. दोन महिने. पाटपाण्याची, चवीची आवड असलेला माणूस. रविवारी सकाळी मिसळीला स्वतः जाऊन रांगेत उभं राहणारा, कटाचा रंग बघून आज तिखट कमी पडलंय हे सांगणारा. मी घरून डबा खाऊन जायचो, त्यांच्यासमोर खायला नको म्हणून. त्यांना ते कळलं. एक दिवस पाटीवर खडूनं लिहून दिलं: "माझ्यासमोर जेव." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून जेवलो. भाकरी, पिठलं, ठेचा. ते बघायचे. ठेच्याचा वास घेण्यासाठी मान थोडी पुढं आणायचे आणि डोळे मिटायचे. मला घास गिळत नव्हता, आणि तरी त्या जेवणांसारखी जेवणं मी पुन्हा जेवलो नाही. दूर शिकागोतला एक माणूस तेव्हा त्या खोलीत आमच्याबरोबर बसलेला होता, असं मी म्हटलं तर कुणाला भाबडं वाटेल. वाटू दे. न बघितलेल्या सिनेमांबद्दल मी त्याचं वाचत आलो होतो. आता तो न खाल्लेल्या जेवणाबद्दल सांगत होता. न मिळणाऱ्या गोष्टीवरही जीव लावता येतो हे मला त्याच्याकडून कळलं होतं, आणि त्या दोन महिन्यांत ते उपयोगी पडलं.

२ एप्रिल २०१३ ला त्यानं वाचकांना लिहिलं की आजार परत आलाय, आता काम कमी करतो. शेवटी, सिनेमात भेटूच, असं म्हणाला. ४ तारखेला गेला.

त्या रिकाम्या खुर्चीनंतरच्या आठवड्यात मी त्याच्या आठवणींचं पुस्तक पुन्हा काढून बसलो. खरं तर स्वतःला टोचून घ्यायला. तिथं त्याच्या वडिलांचा प्रसंग आहे, जो मी आधी दोनदा वाचून विसरलो होतो. वडील इलिनॉय विद्यापीठात इलेक्ट्रिशियन. एकुलत्या एका पोराला त्यांनी आपलं काम शिकवायला नकार दिला. आज इंग्रजी विभागाच्या इमारतीत काम करत होतो, म्हणाले. तिथं ती माणसं टेबलावर पाय टाकून, पाइप ओढत पुस्तकं वाचत बसली होती. ते काम तुझ्यासाठी चांगलं. १९६० साली ते गेले. पोरगा सिनेसमीक्षक झाला, हे बघायला राहिले नाहीत. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. वायरी ओढणाऱ्या माणसाचा मुलगा अंधाऱ्या सभागृहात बसून म्हणतो, बोला, कुणालाही बोलू दे. ते औदार्य पुस्तकातून आलेलं नसणार. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. आमच्या नोंदवहीत त्या काकांनी नाव-नंबर काही लिहिलं नव्हतं. शिपाईमामांना विचारलं. "दारापाशी बसल्यालं? ते व्हय? ते लाइटवाले तात्या. मंगळवार पेठंत ऱ्हातात. लई वर्सं स्टुडिओत हुते."

लाइटवाले. मला तिथंच उभ्या जागी कसंतरी झालं.

रविवारी सकाळी चालतच निघालो. खासबागेवरून जाताना केशवराव भोसले नाट्यगृहाकडं बघवत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं तेव्हा सगळं गाव रस्त्यावर येऊन उभं होतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिथून जाताना ओल्या राखेचा वास घशाशी बसायचा. पुढं खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा तो स्तंभ. हजारदा पाहिलेला, त्या दिवशी थांबून बघितला. बाबूराव पेंटरांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, त्याआधी कॅमेराही स्वतः घडवला. १९२० साली 'सैरंध्री' आला. 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, १९२३ साली, जेव्हा सगळे उन्हात चित्रीकरण करत होते. मग १९२९ मध्ये प्रभात, मग भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ, जो गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भस्मसात झाला आणि भालजींनी कर्ज काढून पुन्हा उभा केला. आम्हा कोल्हापूरकरांना हा पाढा पाठ असतो. पण त्या कृत्रिम प्रकाशामागं रात्रभर कोण उभं राहायचं, हे त्या पाढ्यात नाही. कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. दिव्याचा नाही.

घर जुनं, कौलारू, बोळाच्या टोकाला. दारात तुळस आणि एक उलटी ठेवलेली बादली. सुनेनं दार उघडलं. "या की आत. तात्या, पाव्हणं आल्यात बघा तुमच्याकडं. बसा, मी चहा टाकतो." तात्या बनियन-पायजम्यावर खाटेवर बसले होते. चौऱ्याऐंशी वय. भिंतीवर कुठल्या नटाचा फोटो नाही, स्टुडिओचा नाही. एक कॅलेंडर, दत्ताची तसबीर आणि विजेचं बोर्ड. त्या बोर्डाकडं माझी नजर गेली. जुनी वायरिंग, पण वायर कशी ओळीत, दर वीतभर अंतरावर पट्टी, एकही लोंबणारं टोक नाही. मला ती सरळ लावून ठेवलेली खुर्ची आठवली.

"तात्या, त्या दिवशी तुम्ही थांबव म्हणालात. मी थांबलो नाही. चुकलं माझं."

"आरं, त्यात काय चुकलं? चालू शॉट कोण थांबिवतंय व्हय." आणि मग थोड्या वेळानं, "पर तूच म्हणालास की, कुनीबी सांगा म्हणून. म्हणून म्हणलं."

मी लॅपटॉप नेला होता. खाटेवर उशी ठेवून तिच्यावर तो टेकवला. उंबऱ्याचा प्रसंग लावला. त्यांनी चष्मा बदलला, नाक स्क्रीनला लागेल इतके जवळ आले. बाई बसली. कंदील. गुडघ्यावर हनुवटी. "थांबीव," तात्या म्हणाले, आणि या वेळी मी थांबवलं. त्यांनी करंगळीच्या नखानं कंदिलाची काच दाखवली. "ही वात बघ. हलती का?" नव्हती हलत. "आता थोडं फुडं घे. दोन फुटाएवढं." फूट म्हणजे फिल्मची लांबी, हे मला क्षणभरानं कळलं. मी सेकंद-दोन सेकंद पुढं नेलं. "आता गाल बघ तिचा." बाईच्या उजळ गालावर, डोळ्याखाली, उजेड एकदा थरथरला. पापणी लवावी तेवढाच. वात जागच्या जागी, आणि गालावरचा उजेड हललेला. मी हा प्रसंग निदान पंधरा वेळा बघितला असेल. ती थरथर मला दिसलीही होती आणि मी ती प्रतीचा दोष समजून सोडून दिली होती.

"त्यो उजेड कंदलाचा न्हवं. कंदलानं फिल्मवर काय उमटतंय, काजळी. हितं भाईर," त्यांनी स्क्रीनच्या उजव्या कडेच्या बाहेर, हवेत बोट ठेवलं, "हितं बेबी लावल्याला. आनी बेबीम्होरं मी. हातात कटर धरून." बेबी म्हणजे स्टुडिओतला छोटा दिवा. कटर म्हणजे काळ्या कापडाची चौकट, दांडीवर बसवलेली; उजेड जिथं नको तिथं अडवायला. कपाळावर उजेड यायचा नव्हता, फक्त गालावर हवा होता, आणि स्टँड लावायला जागा नव्हती. म्हणून सोळा वर्षांचा तात्या, स्टुडिओत लागून महिनाही झाला नव्हता, उकिडवा बसून ती चौकट धरून होता. तिसरा टेक. आधीचे दोन वाया गेले होते आणि फिल्म महाग. बेबी तापून लाल झालेला. दांडी जरा सरकली आणि मनगट दिव्याच्या पत्र्याला टेकलं. "चटका बसला. सोडला असता तर उजेड कपाळावर. मग टेक ग्येला, आनी माझी नोकरीबी. धरून ठिवला. पर हात हलला बघ. तीच ती."

मी काही बोललो नाही. सुनेनं चहा आणून ठेवला. कप बशीत जरा सांडला, त्याचा आलं घातलेला वास आला.

"आजून थोडं फुडं," तात्या म्हणाले. बाईनं मान वर केली आणि उजवीकडं, चौकटीबाहेर बघितलं. "थांबीव." स्क्रीनवर ते डोळे, ओलसर, काळजीनं भरलेले. माझ्या टिपणातला सिनेमाचा प्राण. "मी तोंडातनं 'स्स' केलं आसनार. तिला आईकू ग्येलं. तिनं बघितलं माझ्याकडं. कट म्हणल्यावर उठून आली, हात बघितला, मेकअपवाल्याकडनं खोबरेल मागून घेतलं आनी सोता लावलं. लई मोठी बाई हुती ती तवा." त्यांनी उजव्या मनगटावर डावा अंगठा फिरवला. डाग आता वेगळा ओळखू येत नव्हता. सगळी कातडीच तशी झाली होती.

उशाखालून त्यांनी घडी केलेला कागद काढला. माझं टिपण. सुनेनं त्यांना वाचून दाखवलं होतं. "तू हितं लिवलाईस, ती नवऱ्याच्या वाटंकडं बघती म्हणून." माझे कान गरम झाले. मी म्हणालो, तात्या, मला ठाऊक नव्हतं, चुकीचं लिहिलं मी. खरं तर त्या क्षणी मला ते नुसतं चुकीचं वाटत नव्हतं, आपण कशावर एवढं लिहित आलो असंच वाटत होतं. उजवीकडं भविष्य. उजवीकडं एक सोळा वर्षांचं पोर भाजत होतं.

"चुकीचं कसं?" तात्या म्हणाले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "पिक्चरमदी ती नवऱ्याचीच वाट बघती की. मी काय पिक्चरमदी हाय व्हय?" मग चहाची बशी ओठाला लावून, एका दमात संपवून, त्यांनी ती खाली ठेवली. मी विचारलं, हा सिनेमा तुम्ही तेव्हा बघितला होता का? तीनदा, म्हणाले. थेटरात लागला तेव्हा सगळी लाइटवाली पोरं मिळून गेली होती. "पर आमी उजेडच बघायचो. हितं माझा, तितं तुझा. गोष्ट कोन बघतंय? त्या दिशी म्हणलं शेवटापत्तूर बघू, तर नातू आला न्यायला. नऊला गोळी आसती."

म्हणजे रागावून गेले नव्हते. आणि म्हणजे त्यांना शेवट माहीतच नव्हता.

मी लॅपटॉप त्यांच्याकडं आणखी थोडा वळवला. खिडकीतून ऊन स्क्रीनवर येत होतं. तात्यांनी ते माझ्या आधी हेरलं, उशाचा टॉवेल उचलला आणि उजव्या हातानं खिडकीशी आडवा धरला. कोन जरा बदलला. सावली बरोबर स्क्रीनच्या कडेला येऊन थांबली. हात थोडा थरथरत होता, आणि त्याच्यासोबत सावलीची कडही.

"सोड आता," ते म्हणाले. "नवरा येतोय का बघू."